जमिनीवरची परीक्षा : लढाऊ विमानाचा सिम्युलेटर आणि त्याचा भरवसा

लढाऊ विमानाचा सिम्युलेटर म्हणजे नवशिक्या वैमानिकाला जिवाची जोखीम न घेता सराव करता यावा म्हणून उभारलेले यंत्र, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे आणि ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरमागचे विमान आधीच सिद्ध झालेले असते, त्याच्या खोडी ठाऊक असतात आणि परीक्षा माणसाची होत असते. अभियांत्रिकी सिम्युलेटरमध्ये मात्र आसनावरचा वैमानिक मुरलेला असतो आणि परीक्षा होते ती अजून आकाशात न गेलेल्या, किंवा गेले तरी पुरते न उमगलेल्या विमानाची. या दुसऱ्या प्रकारच्या परीक्षेचा परिचय करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे. तिच्या पोटात दोन वेगळ्या परीक्षा येतात. विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणप्रणाली, म्हणजे एव्हिऑनिक्स, वैमानिकाला खरी आणि वेळेवर माहिती देते की नाही हे एकीत पाहिले जाते, तर विमान हाताला कसे लागते, म्हणजे स्टिक हलवल्यावर ते किती लवकर, किती प्रमाणात आणि किती भरवशाने प्रतिसाद देते, हे दुसरीत पाहिले जाते. या दोहोंच्या तळाशी आणखी एक प्रश्न असतो आणि तोच सर्वांत कठीण आहे: जो सिम्युलेटर विमानाची परीक्षा घेतो, त्याची परीक्षा कोणी आणि कशी घ्यायची?

अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यातील भात्यांचे तंत्र वापरून १९२९ मध्ये आपला ट्रेनर तयार केला आणि १९३४ मध्ये, टपाल वाहून नेणारे लष्करी वैमानिक खराब हवामानात मृत्युमुखी पडू लागल्यावर, अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाने त्यांचे सहा ट्रेनर विकत घेतले, हा इतिहास अनेक पुस्तकांतून आलेला असल्याने येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही. आजच्या अभियांत्रिकी सिम्युलेटरला जे महत्त्व आले, ते प्रामुख्याने १९७० च्या दशकात विमानाच्या रचनेतच झालेल्या एका मूलभूत बदलामुळे.

त्यापूर्वीची बहुतेक विमाने स्वभावतः स्थिर असत. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले तर शेपटीचा पृष्ठभाग ते आपोआप खाली आणी. ही स्थिरता सुरक्षित असली तरी तिची किंमत चपळाईत मोजावी लागे, म्हणून लढाऊ विमानांच्या रचनाकारांनी गुरुत्वमध्य मुद्दाम मागे सरकवून स्थिरता सैल करण्याचा मार्ग धरला. असे विमान हवेत धरून ठेवणे म्हणजे तळहातावर उभी काठी तोलण्यासारखे असते. लक्ष क्षणभर ढळले तरी ती कलंडते आणि एवढ्या सतत व इतक्या वेगाने दुरुस्ती करणे माणसाच्या हाताला शक्य नसते. ते काम संगणकाकडे सोपवण्यात आले. वैमानिकाची स्टिक आणि विमानाचे हलते पृष्ठभाग यांच्यामधील दांडे व तारा काढून टाकून त्यांच्या जागी विद्युतसंकेत आणणाऱ्या या पद्धतीला ‘फ्लाय-बाय-वायर’ म्हणतात, आणि कोणत्या वेगाला, कोणत्या उंचीवर, स्टिकच्या कोणत्या हालचालीला पृष्ठभाग किती वळवायचे हे ठरवणाऱ्या गणिती सूत्रांच्या संचाला ‘नियंत्रण-नियम’ असे नाव आहे. नासाच्या एफ-८ या बदल केलेल्या विमानाने २५ मे १९७२ रोजी वैमानिक गॅरी क्रायर यांच्या हाती, अपोलो यानाचा संगणक वापरून आणि यांत्रिक जोडणीचा कोणताही आधार न ठेवता पहिले डिजिटल फ्लाय-बाय-वायर उड्डाण केले. तेव्हापासून विमानाचा स्वभाव धातूत जेवढा असतो तेवढाच प्रोग्रॅममध्येही असतो. प्रोग्रॅम मात्र जमिनीवरही चालवता येतो, आणि सिम्युलेटरमधील परीक्षेला अर्थ येतो तो येथूनच.

ती परीक्षा टप्प्याटप्प्याने होते. आरंभी विमान, त्याची नियंत्रणप्रणाली आणि हवा ही तिन्ही केवळ समीकरणांच्या रूपात असतात. पुढे नियंत्रणाचा खराखुरा संगणक आणून जोडला जातो. आणि शेवटी ‘आयर्न बर्ड’ नावाच्या सांगाड्यावर खरे हायड्रॉलिक पंप, खरे ॲक्च्युएटर (म्हणजे पृष्ठभाग ढकलणारे दट्टे) आणि खऱ्या वायरी बसवून, न उडणारे पण बाकी सर्व बाबतींत विमानासारखे वागणारे एक यंत्र उभे केले जाते. त्यावर एखादी वाहिनी मुद्दाम तोडून, एखादा सेन्सर मुद्दाम खोटे सांगू लागेल अशी व्यवस्था करून, किंवा हायड्रॉलिक दाब मध्येच उतरवून, प्रणाली स्वतःला कशी सावरते ते पाहिले जाते. आकाशात जे बिघाड कोणी हौसेने घडवून आणणार नाही, ते येथे रोज घडवले जातात.

एवढे सगळे खरे भाग जोडले तरी हवा मात्र खोटीच राहते. हवेचे बळ सिम्युलेटरमध्ये येते ते तक्त्यांमधून: पवनबोगद्यात छोट्या प्रतिकृतीवर मोजलेले आकडे आपतन कोन (समोरून येणारा हवेचा प्रवाह आणि पंख यांच्यातील कोन), बाजूचा घसरकोन, वेग आणि पृष्ठभागांची स्थिती यांनुसार मांडून ठेवलेले असतात आणि संगणक दर सेकंदाला अनेक वेळा त्यांतून योग्य मूल्य शोधून काढतो. या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही समजून घ्यायच्या असतील तर नासाच्या लँग्ली केंद्रातून १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला, ल्युआत ग्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अहवाल अभ्यासावा. एफ-१६ च्या प्रतिकृतीवर पवनबोगद्यात मिळालेल्या आकड्यांवरून त्यांनी एक प्रारूप रचले आणि गोलाकार घुमटात बसलेल्या वैमानिकांकडून कमी वेगातील झुंजीच्या हालचाली करवून घेतल्या. मूळ नियंत्रणप्रणाली असलेले विमान नाक बाजूला फेकले जाऊन भरकटण्यास चांगला प्रतिकार करते, परंतु कमी वेगात मोठ्या व झपाट्याच्या गिरक्या घेतल्या तर जडत्वाच्या परिणामाने त्याचे नाक ताब्याबाहेर वर उसळते, असे त्यांना आढळले. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे विमान एका ‘डीप स्टॉल’मध्ये, म्हणजे नाक वर, पंखांची उचल गेलेली आणि शेपटीचा जोर अपुरा अशा स्थितीत, जणू कायमचे स्थिरावू शकते. दोन्ही दोषांवर नियंत्रणप्रणालीत करावयाचे बदलही त्याच सिम्युलेटरमध्ये शोधण्यात आले. एकही विमान न गमावता आणि एकाही वैमानिकाला इजा न होता, केवळ आकड्यांच्या आधारे एवढे ज्ञान हाती यावे, ही या शास्त्राची थोरवी आहे आणि ती निःसंकोच मान्य केली पाहिजे.

हाताळणीचे मूल्यमापन हा यापुढचा आणि अधिक नाजूक भाग. ‘विमान चांगले उडते’ या शेऱ्याला अभियंत्याच्या लेखी काही किंमत नसते. कोणते काम करताना, किती अचूकतेने आणि वैमानिकाला किती कष्ट पडून, हे सांगितल्याशिवाय तो शेरा पुरा होत नाही. नासाचे जॉर्ज कूपर आणि कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीचे रॉबर्ट हार्पर यांनी १९६९ मध्ये मांडलेली, १ ते १० अंकांची मोजपट्टी ही अडचण सोडवते. काम संपले की वैमानिक क्रमाने तीन प्रश्नांना सामोरा जातो: विमान ताब्यात राहते का, सोसवेल एवढ्या कष्टात पुरेशी कामगिरी साधते का, आणि सुधारणा न करता विमान समाधानकारक मानावे का. पहिल्याच प्रश्नाला नकार आला तर अंक १०. तिन्हींना होकार आला तर १ ते ३. जाणकार चाचणी वैमानिक मात्र अंकापेक्षा त्यासोबतच्या शेऱ्याला अधिक मान देतात, कारण दोष कोठे आहे ते शेऱ्यातूनच कळते.

यासाठी निवडलेली कामेही विचारपूर्वक रचलेली असतात. उदाहरणार्थ, उतरण्याच्या चाचणीत विमान धावपट्टीच्या मध्यरेषेपासून मुद्दाम बाजूला ठेवले जाते आणि जमीन अगदी जवळ आल्यावर वैमानिकाला सांगितले जाते की आता रेषेवर ये आणि आखून दिलेल्या चौकोनातच चाके टेकव. सरळ, संथ उतरताना गुणी वाटणारे विमान या घाईत आपले खरे रूप दाखवते: वैमानिक पंख कलवतो, नाक वळवतो, लगेच उलटी दुरुस्ती करतो, आणि विमानाच्या प्रतिसादात थोडाही उशीर असेल तर त्याची प्रत्येक दुरुस्ती शिळी ठरू लागते. विमान डावीकडे झुकले म्हणून त्याने उजवीकडे दाबावे, तोवर ते स्वतःच उजवीकडे निघालेले असावे, असे चक्र सुरू होते आणि वैमानिक जितका अधिक प्रयत्न करील तितके हेलकावे वाढत जातात. याला ‘पायलट-इंड्युस्ड ऑसिलेशन’ म्हणतात. इंग्रजी नाव वैमानिकाकडे बोट दाखवत असले तरी दोष बहुधा विमान आणि माणूस यांच्या जोडणीत असतो, ही जाणीव या क्षेत्रात पुष्कळ किंमत मोजून आलेली आहे.

ती किंमत कोठे कोठे मोजली गेली हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. २० जानेवारी १९७४ रोजी वायएफ-१६ ची केवळ धावपट्टीवरील वेगवान धाव घेतली जात असताना विमान दोन्ही बाजूंना एवढे हेलकावे खाऊ लागले की वैमानिक फिल ऑस्ट्रायकर यांनी ते उडवणेच अधिक सुरक्षित मानले. कललेल्या विमानाचा भाग जमिनीला घासला होता, आणि न हलणाऱ्या, केवळ दाब ओळखणाऱ्या स्टिकची संवेदनशीलता त्या अवस्थेसाठी फार जास्त ठेवली गेली होती. २६ ऑक्टोबर १९७७ रोजी ‘एंटरप्राइझ’ हे चाचणीचे स्पेस शटल एडवर्ड्स तळावर उतरताना असेच डोलले. स्वीडनच्या ग्रिपेन विमानाचा पहिला नमुना २ फेब्रुवारी १९८९ रोजी लिनशॉपिंग येथे उतरताना कोसळला, नियंत्रण-नियम सुधारण्यात आले, आणि तरीही ८ ऑगस्ट १९९३ रोजी स्टॉकहोममध्ये हजारो प्रेक्षकांसमोर आणखी एक ग्रिपेन त्याच कुळातील दोषाने पडले. दोन्ही वेळा वैमानिक तोच होता आणि दोन्ही वेळा तो वाचला. या अपघातांमागे ‘दर-मर्यादा’ हे कारण होते: पृष्ठभाग ठरावीक वेगापेक्षा जलद वळू शकत नाहीत, वैमानिकाने त्याहून जलद मागणी केली की ते मागे पडतात, आणि मागे पडणे म्हणजे उशीर.

येथे वाचकाला साहजिकच प्रश्न पडेल की या सर्व विमानांचे सिम्युलेटर असताना दोष आधी का दिसले नाहीत. एक कारण यंत्राचे आहे. सिम्युलेटरला स्वतःचा उशीर असतो: स्टिकची स्थिती वाचणे, समीकरणे सोडवणे आणि पडद्यावर चित्र काढणे यांत वेळ जातो, आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा पडदा तीन चित्रे मागे राहिला तरी सेकंदाचा विसावा भाग निघून जातो. खऱ्या विमानासाठी अमेरिकी लष्करी मानक सर्वोत्तम श्रेणीत सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंतच उशीर चालवून घेते, हे ध्यानात घेतले म्हणजे या विसाव्या भागाचे वजन कळते. शिवाय सहा पायांवर डोलणारा मंच लढाऊ विमानाचे टिकून राहणारे ‘जी’ बळ देऊ शकत नाही, म्हणून अनेक ठिकाणी कॉकपिट अचलच ठेवले जाते आणि शरीराला मिळणारी खूण डोळ्यांवर सोपवली जाते. दुसरे कारण माणसाचे आहे आणि ते अधिक खोल आहे. पडद्यावरच्या धावपट्टीवर आपटून कोणी मरत नाही, हे वैमानिकाच्या हाताला ठाऊक असते. खऱ्या जमिनीजवळ तोच हात घट्ट होतो, हालचाली जलद आणि मोठ्या होतात, आणि जो दोष सैल हाताने कधीच जागा झाला नसता तो जागा होतो. एंटरप्राइझच्या प्रसंगानंतर नासाने १९७८ मध्ये एफ-८ विमानाच्या नियंत्रणात मुद्दाम उशीर मिसळून खऱ्या धावपट्टीवर चाचण्या घेतल्या आणि तसेच हेलकावे खऱ्या हवेत उभे राहिले. दुसऱ्या विमानासारखे वागायला लावता येणारी एनटी-३३ किंवा एफ-१६ व्हिस्टा यांसारखी ‘उडती सिम्युलेटर’ विमाने जमिनीवरच्या घुमटाला पर्याय नसून त्याची आवश्यक जोड आहेत, असे म्हणण्यास हा भक्कम आधार आहे.

एव्हिऑनिक्सची परीक्षा तुलनेने कोरडी वाटते, परंतु तिच्यातील दोष अधिक लपून राहणारे असतात. लढाऊ विमानातील रडार, दिशादर्शक यंत्रणा, शस्त्रसंगणक आणि वैमानिकासमोरच्या काचेवर आकडे व खुणा उमटवणारा हेड-अप डिस्प्ले ही सर्व एका सामाईक वाहिनीवर बोलतात. १५५३बी या मानकाच्या प्रचलित वाहिनीची गती सेकंदाला दहा लाख बिट एवढीच असून एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. समजा रडारने लक्ष्याची दिशा मोजली आणि ती काचेवर मांडताना संगणकाने विमानाचा कल सेकंदाच्या विसाव्या भागापूर्वीचा वापरला. विमान सरळ जात असेल तोवर ही चूक दिसणारच नाही, कारण जुना कल आणि नवा कल सारखेच असतात; पण ते सेकंदाला २०० अंशांच्या वेगाने गिरकी घेऊ लागले की संगणकाच्या हिशेबातील कल १० अंशांनी चुकतो आणि लक्ष्याभोवतीची चौकट लक्ष्यावरून सरकते. प्रत्येक उपकरण सुटे तपासले असता निर्दोष ठरलेले असते. दोष असतो तो त्यांच्या घड्याळांच्या मेळात, आणि तो सापडतो तो सर्व उपकरणे एकत्र जोडून, सिम्युलेटरमधील विमान जोरात फिरवल्यावरच. हेड-अप डिस्प्लेची आणखी एक अडचण आहे. त्याच्या खुणा अनंत अंतरावर केंद्रित केलेल्या असतात, घुमटाचा पडदा मात्र काही मीटरवर असतो, त्यामुळे वैमानिकाने डोके किंचित हलवले तरी खूण आणि दृश्य एकमेकांपासून सुटतात. हे न ओळखता घेतलेल्या नेमबाजीच्या चाचणीतून विमानावर जो दोष लादला जाईल, तो विमानाचा नसेल.

सिम्युलेटर विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो, हे तर एव्हिऑनिक्समध्ये पदोपदी जाणवते. फेब्रुवारी २००७ मध्ये हवाईहून जपानकडे निघालेल्या एफ-२२ विमानांनी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच त्यांचे दिशादर्शन आणि इतर काही यंत्रणा बंद पडल्या आणि इंधनवाहू विमानांचा माग धरून त्यांना परतावे लागले. रेखांश १८० अंशांवरून उणे १८० वर उडी घेतो ही शालेय भूगोलातील गोष्ट आहे, तरीही तो प्रवास विमान खरोखर तेथे पोचण्यापूर्वी पुरता तपासला गेला नव्हता. म्हणून चाचणीची यादी करताना विषुववृत्त, वाररेषा, ध्रुवप्रदेश, मध्यरात्र आणि वर्षअखेर यांसारख्या सीमा प्रथम लिहाव्यात.

भारतीय वाचकाला या विषयाचे सर्वांत जवळचे उदाहरण तेजस हे आहे. शेपटी नसलेले, त्रिकोणी पंखांचे, मुळातच अस्थिर आणि चार वाहिन्यांच्या डिजिटल नियंत्रणावर अवलंबून असलेले हे विमान नोव्हेंबर १९९५ मध्ये कारखान्याबाहेर आले आणि ४ जानेवारी २००१ रोजी बंगळुरू येथे विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी ते प्रथम उडवले. नियंत्रण-नियम राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखालील गटाने रचले होते आणि १९९६ मध्ये ते अमेरिकेत एफ-१६ व्हिस्टा विमानावर तपासूनही झाले होते. परंतु मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतरच्या निर्बंधांमुळे या कामात साहाय्य करणाऱ्या अमेरिकी कंपनीचे सहकार्य तुटले आणि उरलेले काम येथील अभियंत्यांना येथील सिम्युलेटर व आयर्न बर्ड यांच्या आधारे पुरे करावे लागले. कारखान्याबाहेर येण्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंतच्या पाच वर्षांचा हिशेब निव्वळ दिरंगाई म्हणून मांडला जातो तो अन्यायाचा आहे, कारण वर उल्लेखिलेल्या ग्रिपेनच्या अपघातांची उदाहरणे त्या काळात ताजी होती आणि घाई न करण्याचा निर्णय समजून-उमजून घेतलेला होता. तेजसचा पहिला अपघात मार्च २०२४ मध्ये, पहिल्या उड्डाणानंतर २३ वर्षांनी झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईतील हवाई प्रदर्शनात दुसऱ्या अपघाताने एका वैमानिकाचा बळी घेतला, आणि जमिनीवरची कोणतीही परीक्षा शेवटची नसते याची दुःखद नोंदही या इतिहासात करावी लागते.

गोव्याशी या कथेचा संबंध थेट आहे. तेजसच्या नौदल आवृत्तीसाठी दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर विमानवाहू जहाजासारखा १४ अंशांचा चढ उभारण्यात आला आणि डिसेंबर २०१४ मध्ये कमोडोर जयदीप मावळणकर यांनी त्यावरून पहिली झेप घेतली. ११ जानेवारी २०२० रोजी आयएनएस विक्रमादित्यवर हे विमान पहिल्यांदा उतरवले तेही त्यांनीच. चढाच्या टोकावरून सुटलेल्या विमानाचा वेग सरळ उडत राहण्यास पुरेसा नसतो, काही क्षण ते फेकलेल्या वस्तूप्रमाणे वर जाते आणि त्याच अवधीत त्याला वेग मिळवावा लागतो. म्हणून या टप्प्यात स्टिकवरचा हात काढून, योग्य आपतन कोन धरण्याचे काम नियंत्रण-नियमांवर सोपवले जाते. सिम्युलेटरमधील तक्त्यांवर केवढा विश्वास टाकलेला असतो, हे समजण्यासाठी याहून स्पष्ट प्रसंग दाखवता येणार नाही.

हा विश्वास डोळस ठेवण्याचा उपाय एकच आहे: प्रत्येक उड्डाणापूर्वी सिम्युलेटरचे भाकीत लिहून ठेवणे, उड्डाणानंतर मोजलेल्या नोंदींशी ते ताडून पाहणे, आणि फरक पडला तर पुढच्या वेगाकडे किंवा पुढच्या कोनाकडे न जाता आधी तक्ते दुरुस्त करणे. उड्डाणाच्या नोंदींवरून प्रारूपातील गुणांक काढण्याच्या या शास्त्राला ‘सिस्टिम आयडेंटिफिकेशन’ म्हणतात. जर्मनीच्या ब्राउनश्वाइग येथील संशोधक रवींद्र जातेगावकर यांचा २००६ मधील ग्रंथ त्यातील प्रमाण मानला जातो. ज्या सिम्युलेटरचे तक्ते पहिल्या उड्डाणानंतर कधीच बदललेले नाहीत, त्यावर घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष ग्राह्य धरू नये.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला या विषयात शिरण्यासाठी घुमटाची किंवा लष्करी परवानगीची गरज नाही. ग्वेन यांच्या १९७९ च्या अहवालातील आकडे खुले आहेत, त्यांवर आधारलेले एफ-१६ चे सोपे प्रारूप स्टीव्हन्स आणि लुईस यांच्या पाठ्यपुस्तकात दिलेले आहे आणि ते साध्या संगणकावर चालते. वाचकाने ते स्वतः लिहून काढावे, गुरुत्वमध्य थोडा थोडा मागे सरकवत स्थिरता कोठे संपते ते पाहावे, मग स्टिक आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाचा उशीर घालून विमान मध्यरेषेवर आणण्याचा प्रयत्न करावा, आणि त्यानंतर पुढील प्रकरणांकडे वळावे.